पुढच्या खोलीतली सागवानी खुर्ची

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटे.

वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. मी अंदाजे आरोप करते असं पुढे कुणी म्हणायला नको. वरील तारखेस व वरील वेळेस माझे पती श्री. बसवंतराव यांनी नव्याने रंगवलेल्या पुढच्या खोलीत पाऊल टाकलं, चारी भिंतींकडे पाहिलं, ट्रेमधला कप उचलला आणि काही न बोलता रस्ता ओलांडून समोर किशनरावांच्या भुसार दुकानात जाऊन बसले. धान्याच्या पोत्यावर. बशीसुद्धा नेली नाही.

अडतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. हे कापसाचे ग्रेडर. हंगाम आला की कधी जिंतूर, कधी सेलू, कधी मानवत. मी नाइट करून घरी यायची तेव्हा हे बसस्टँडवर असायचे. दोघांनी समोरासमोर बसून चहा प्यायल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकते, आणि त्यात लग्नाचा दिवस धरलेला आहे. रिटायर झाल्यावर ही खोली ट्यूशन क्लासला दिली होती. तो क्लास डिसेंबरात एकदाचा गेला. तेव्हाच ठरवलं: या खोलीत रोज पाच वाजता दोन खुर्च्या, एक टीपॉय, आम्ही दोघं. एवढीच मागणी. फार नाही.

पण त्यासाठी खोली तशी हवी. सिकंदराबादला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरची बैठकीची खोली होती. गडद हिरव्या भिंती, उंच पाठीच्या खुर्च्या, जड पडदे. तिथे शिरलं की माणूस आपोआप ताठ बसायचा आणि खरं बोलायचा. आमच्या घरात दोन्ही गोष्टी कमी आहेत.

निष्कर्ष: खोली अर्धवट आहे म्हणून हे गेले. पूर्ण झाली की परत येतील. मुदत: महाशिवरात्र.

(ही रोजनिशी मराठीत लिहिते. इंग्रजीत राग नीट निघत नाही.)

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ९.

पेंटर सिद्धोधनला बोलावून जाब विचारला. शेड कार्डावर जो 'एमराल्ड' होता तो भिंतीवर तसा का नाही? तो म्हणाला, "मॅडम, मी पहिल्याच हाताला म्हणलो होतो, हे तणनाशकाच्या डब्यावानी दिसायलंय. तुमीच म्हणल्या, मला बोल्ड पायजे."

मी 'बोल्ड' म्हणाले होते हे कबूल. तणनाशक म्हणाले नव्हते. आणखी एक हात मारून घेतला. रंग अधिकच गडद झाला. सिद्धोधन जाताना म्हणाला, "आता डबा भरल्यावानी दिसायलाय." रंगातलं ज्याला कळत नाही त्याने रंग लावावा, बोलू नये.

माझ्या मते भिंतीला आता अधिकार आला आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सकाळी १०.

हवा खेळावी म्हणून दार उघडं ठेवलं होतं. एक फेटेवाले गृहस्थ चपलांसकट आत आले, भिंतीकडे पाहून समाधानाने मान हलवली आणि विचारलं, "टरबुजावरचं औषध आलं का वो?" हे कृषी सेवा केंद्र नाही, हे ड्रॉइंग रूम आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग माल कुठं ठुलाय?"

दार बंद ठेवण्याचं ठरवलं. क्लासिक खोल्यांची दारं बंदच असतात.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारी ४.

विजय!

वसमत रोडला माऊली नावाच्या माणसाचं जुन्या फर्निचरचं गोडाऊन आहे. बाहेर मोडक्या कपाटांचा ढीग पडलेला, आणि आत, गोणपाटाखाली, ती. अस्सल सागवान. पाठ पाच फूट उंच. वर कोरलेले सूर्य-चंद्र, हातांच्या टोकांना दोन छोटे नंदी. बैठक रुंद, माणूस मांडी घालून बसेल एवढी. दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा चार भक्कम पितळी कड्या. पाठीत छातीच्या उंचीवर दोन उभ्या फटी. हवा खेळण्यासाठी असणार. जुन्या कारागिरांनी आपल्या उन्हाळ्याचा विचार केला होता, हल्लीच्या सोफावाल्यांना तेवढी अक्कल नाही. लाकडावर पांढरट छटा आहे. याला पुण्याची दुकानं 'अँटिक फिनिश' म्हणतात आणि वेगळे पैसे लावतात.

माऊलीला विचारलं, ही आली कुठून? तो म्हणाला, "सोनपेठकडच्या लॉटमदी आलीय मॅडम. कुणाची ते म्या न्हाई इचारलं. पण लय मोठमोठी माणसं बसून गेलीत याच्यात, एवढं खरं." म्हणजे खुर्चीला खानदानही आहे. आणि सोनपेठ म्हणजे यांचं गाव! योगायोगालाही चव असते.

अदलाबदल केली. यांची घडीची आरामखुर्ची दिली, वर थोडे पैसे. आरामखुर्ची म्हणजे निळ्या पट्ट्यांचं कापड, तीनदा बदललेलं, उजव्या हातावर चहाच्या कपांची गोल-गोल निशाणं. जिंतूरला पहिलं पोस्टिंग झालं तेव्हा घेतलेली. तिच्यात माणूस बसत नाही, सांडतो. हे लग्नासाठी जिंतूरला गेले आहेत, मंगळवारी येतील. तोपर्यंत सगळं जागेवर हवं.

सोमवार, १० फेब्रुवारी.

दिवसभर पॉलिश. कड्या चिंच लावून घासल्या, सोन्यासारख्या निघाल्या. कामाला येणाऱ्या सुलाबाईने विचारलं, "बाई, खुर्चीला कड्या कशाला वो? आमच्याकडं कड्या पाळण्याला असतेत." मी सांगितलं, या शोभेच्या असतात. ती म्हणाली, "शोभेच्या कड्या एवढ्या जाड? माणूस उचललं तर तुटाच्या न्हाईत." गावाकडच्या माणसांना प्रत्येक गोष्टीचा उपयोग हवा असतो.

एका कडीत मनी प्लांट, दुसरीत वर्तमानपत्राची गुंडाळी, उरलेल्या दोन्हींना मरून रंगाचे गोंडे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

हे आले. दारात चपला काढल्या. आपल्याच घरात बाहेरच्या खोलीसाठी हे कधी चपला काढत नाहीत, पण आज काढल्या. खुर्चीसमोर उभे राहिले. मग हात जोडले.

मी म्हटलं ना, खोली पूर्ण झाली की फरक पडेल!

कुठून आणली, असं अगदी हळू विचारलं. मी म्हणाले, कुठून ते सोडा, कशी आहे ते सांगा. म्हणाले, "चांगली आहे." मी म्हणाले, मग बसा ना. तुमच्यासाठीच आणली आहे. त्यावर हे माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "मला इतक्यात नको."

समजलं. नवी वस्तू लगेच वापरायची नाही हा यांचा जुना स्वभाव. भाचीने दिलेला शर्ट पाच वर्षं कपाटात आहे.

नंतर आरामखुर्चीचं विचारलं. एक्स्चेंज ऑफर, असं सांगितलं. "बघू," म्हणाले आणि समोर गेले. काय बघणार ते सांगितलं नाही. 'बघू' हे यांचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०.

किशनरावांच्या नक्कल करण्याला सीमा नाही. मी जुनं फर्निचर घेतलं हे कळताच त्यांनीही दुकानापुढे कडुनिंबाखाली एक जुनी आरामखुर्ची आणून टाकली आहे. निळ्या पट्ट्यांचं कापड. उजव्या हातावर चहाच्या कपांची निशाणंसुद्धा अगदी तशीच! हे तिच्यात बसून चहा पीत होते. आमच्याच कपातून.

नक्कल करावी, पण इतकी बारीक? सुपरवायझर असते तर मेमो दिला असता.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र. दुपारी २.

खोलीचं उद्‌घाटन. मरून पडदे लागले. प्लास्टरचे दोन खांब दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले (डावा किंचित कलता आहे, पण प्राचीन खांब कलतेच असतात). कोपऱ्यात काळा डायलचा टेलिफोन, एक्स्चेंज बंद झालं तेव्हा मला मिळालेला. आमच्या समाजातली अकरा माणसं देवळातून थेट फराळाला बोलावली.

परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा. लोक आत आले आणि बोलायचे थांबले. अकराजणांपैकी एकानेही खुर्चीत बसण्याची हिंमत केली नाही. बसा म्हटलं की मागे सरकायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिच्या हातावर कपाळ टेकवलं आणि बैठकीवर बेलाचं पान ठेवलं. उत्तम कारागिरीपुढे सामान्य माणूस असा नमतो. पूर्ण फराळ सर्वांनी उभ्याने केला. साबुदाण्याची खिचडी खूप उरली.

आणखी एक. यांच्या तब्येतीची सगळ्यांनी फार आपुलकीने चौकशी केली. एकाने यांचा हात हातात घेऊन विचारलं, "डॉक्टर काय म्हणायलेत?" दुसऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमची हिंमत मोठी. सगळी तयारी आधीच करून ठुलीत." मी म्हणाले, मी प्रत्येक काम आधीच करून ठेवते. ते पंचा डोळ्यांना लावत गेले.

हे मात्र आले नाहीत. म्हणजे आले, पण दारातच उभे राहिले, आणि लोक पांगताच समोर. तरीही उद्‌घाटन यशस्वी. मुदत पंधरा दिवसांनी वाढवते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. रात्री ८.

पुण्याहून अनुपमाचा फोन, रडत. "मम्मी, पप्पांना काय झालंय? मला का नाही सांगितलंस?" कुणीतरी हिला मेसेज पाठवलाय की पप्पा शेवटच्या स्टेजला आहेत. मी व्हिडिओ कॉल करून फोन खिडकीतून बाहेर धरला. समोर पप्पा आरामखुर्चीत शेंगा फोडत होते आणि टरफलं शिस्तीत वर्तमानपत्रावर टाकत होते. अनुपमा शांत झाली. मग म्हणाली, "पण पप्पा तिथे का बसलेत?"

मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, पण प्रश्न नेमका विचारायला ती शिकली नाही. फोन ठेवला.

घर सुंदर झालं की लोकांना जळफळाट होतो आणि ते अफवा पसरवतात. एक्स्चेंजमध्ये असताना हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

बुधवार, ५ मार्च.

कूलर काढला. खिडकीतला तो पत्र्याचा खोका, त्यातून लोंबणारं गवत आणि ती घरघर. पडद्यांच्या सगळ्या सौंदर्याचा नाश. हे म्हणाले, "मार्च आहे." मी म्हणाले, कॅलेंडर माझ्याकडेही आहे. कॉन्व्हेंटमध्ये पंखासुद्धा नव्हता.

सोमवार, १० मार्च.

आज सहा फोन. सगळे यांच्यासाठी. "कसं आहे आता?" "खातात का काही?" एकाने विचारलं, "बोलतेत का?" मी म्हणाले, बोलत नाहीत, पण ते लग्नापासून आहे. पलीकडे हुंदका आला आणि फोन ठेवला.

मंगळवार, १८ मार्च. संध्याकाळी ५ ते ६.

खोलीत थर्मामीटर लावला नाही, लावणारही नाही. आकडा कळला की माणूस खचतो. पडद्यांमुळे वारा अडतो, खांबांमुळे उरलेला अडतो. ट्रे मांडला. दोन कप. मी टीपॉयजवळच्या स्टुलावर बसले. मोठ्या खुर्चीत मी बसत नाही. ती यांची आहे. एका कपातला चहा मी प्यायले, दुसरा गार होऊ दिला. तत्त्व म्हणून.

पडद्याच्या फटीतून पाहिलं. (पाळत नाही. पडदा सरळ करत होते.) समोर यांच्याभोवती पाच-सहा शेतकरी. एकाने रुमालातून मूठभर कापूस काढून दिला. यांनी चिमूटभर घेतला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढला, जुळवला, परत ओढला, शेवटी उजेडाकडे धरून धाग्याची लांबी पाहिली. मग काहीतरी सांगितलं. शेतकरी हसला, रुमाल बांधला. दुसऱ्याने पुढे होऊन तुरीची मूठ उघडली. व्यापाऱ्याकडे जाण्याआधी म्हणे लोक यांना माल दाखवायला येतात. किशनराव सगळ्यांना चहा सांगत होते.

इतकं बोलतात हे! मला आजवर माहीत नव्हतं.

शनिवार, २२ मार्च. सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.

घडलं त्या क्रमाने लिहिते.

शांतम्मा अक्का आल्या. यांच्या थोरल्या बहीण, सोनपेठच्या. एस.टी.तून उतरून रिक्षाने, आणि कोपऱ्यापासूनच मोठ्याने, "माझ्या बसवंताऽऽ" करत. अख्खी गल्ली बाहेर आली. रिक्षा दुकानापाशी थांबली आणि अक्कांना त्यांचा बसवंता आरामखुर्चीत बसून कुणाची तरी हरभऱ्याची मूठ पाहताना दिसला. अक्का रडायच्या थांबल्या. मग पिशवीने त्याच्या खांद्यावर एक मारलं. म्हणाल्या, "मुडद्या, तू तर जित्ता हाईस! मी वाटंत चार बायका रडवल्या!"

हे म्हणाले, "अक्का, पाणी पी."

मग अक्का घरात आल्या. मी पुढे होऊन खोली दाखवायला लागले. अक्कांनी खुर्ची पाहिली आणि पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाल्या, "सत्यशीला, तुला कुणी दिली ही?"

विकत घेतली, मी म्हणाले. अँटिक आहे.

"अगं अँटिक कशाची! ही आमच्या सोनपेठच्या समाजाची खुर्ची हाय. माणूस गेलं की यातच बसवतेत. या कड्यांतून बांबू घालतेत आन् खांद्यावर घेतेत. या फटीतून कापड ओवून छातीला बांधतेत, मान पडू नये म्हणून. दोन वर्षांखाली मयताची गाडी आली, तवापासून ही मागच्या खोलीत पडून होती. पोरांनी भंगारात घातली असंल." मग गोंड्याकडे बोट करून, "अन् तू याला गोंडे लावलीस? गोंडे?"

मला माहीत आहे की आपल्यात माणसाला बसवून नेतात. मलाही कुणी परकं समजू नये. पण मी अंत्ययात्रांना कधी गेले नाही. माझी ड्यूटी असायची. मी पत्रं पाठवायची, टाइप करून.

मी सावरून म्हणाले, अक्का, आपल्यात सूतक पाळत नाहीत. मग घरात ठेवायला हरकत काय?

अक्का म्हणाल्या, "सूतक न्हाई पाळत. अक्कल तर पाळावी का न्हाई?"

मग बैठकीवरून हात फिरवत, आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "अप्पाला यातच नेलं गं. या पुढच्या दोन कड्यांना झेंडूच्या माळा मीच बांधल्या होत्या. बसवंता उजव्या बांबूला होता."

अप्पा म्हणजे माझे सासरे. जुलै १९८९. सोनपेठहून जिंतूरला यांच्यासाठी आलेला तो ट्रंक कॉल बोर्डवर मीच जोडला होता. "बोला सोनपेठ," मी म्हणाले होते, आणि पलीकडे अक्का होत्या. लाइन जोडून दिली आणि हेडफोन काढून ठेवला, कारण ऐकणं नियमाविरुद्ध होतं. पावसाने निम्मा स्टाफ आला नव्हता, मला रजा मिळाली नाही. मी तिसऱ्या दिवशी पोचले.

शनिवार, २२ मार्च. संध्याकाळी ७.

अक्का स्वयंपाकघरात यांच्याशी बोलत होत्या. मी पाणी घ्यायला गेले होते, दाराशी थांबले, इतकंच. अक्का म्हणाल्या, "मग पहिल्याच दिवशी सांगितलं का न्हाईस? दीड महिना रस्त्यावर बसलास!" हे म्हणाले, "तिनं लय हौसेनं आणली होती. कड्या घासल्या होत्या दिवसभर. काय सांगू?"

मी रडले नाही. खोलीत रंगाचा वास अजून आहे.

रविवार, २३ मार्च.

११ फेब्रुवारीची नोंद परत वाचली. "मला इतक्यात नको." नोंदीत काहीही बदल करणार नाही. कागदपत्रांत मागाहून फेरफार करणं हा गुन्हा आहे.

मात्र हे लिहून ठेवते की माहिती दडवल्याचा दोष पूर्णपणे माऊलीचा आहे, आणि थोडा सोनपेठच्या पोरांचा, आणि ज्या अकराजणांनी माझी खिचडी खाल्ली त्यांचा. माझ्याकडे चूक असलीच तर ती अभिरुचीची नाही.

बुधवार, २६ मार्च. सकाळी ८.

सोनपेठहून टेम्पो आला. समाजातले चौघे. अक्कांनीच व्यवस्था केली. आता खुर्ची देवळाच्या सभागृहात ठेवणार, भंगारात जाणार नाही. गोंडे मी स्वतः सोडले. चौघे उचलायला वाकले तेव्हा हे पुढे झाले आणि उजव्या बाजूने हात लावला. गाडी निघताना मीही हात जोडले. छत्तीस वर्षं उशीर झाला आहे हे मला कळतं, कुणी मोजून दाखवायची गरज नाही.

सुलाबाई म्हणाली, "बाई, खोली आता मोठी दिसायलीय." मोठी नाही. रिकामी. शब्द नीट वापरावेत.

शुक्रवार, २८ मार्च. संध्याकाळी ५.४०.

अडथळा दूर झाला. आता यांना यायला हरकत नाही. कूलर परत बसवला (तात्पुरता). पडदे बांधून ठेवले. स्वयंपाकघरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. त्यांच्यावर माझा विश्वास नाही, पण त्यांच्यात कुणी मेलेलं नाही एवढं नक्की.

पाचला हे आले. बसले! समोरासमोर. चहा घेतला, बशीसकट. मी म्हणाले, रंग आता सवयीचा झाला ना? म्हणाले, "हो." मी म्हणाले, भिंतींचा हिरवा तुम्हाला आवडत नसेल तर बदलू. म्हणाले, "राहू दे." मग कूलर घरघरत होता. मग यांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाहेर दोन शेतकरी दारापासून जरा लांब, उन्हात, रुमालाच्या गाठी हातात धरून उभे होते. आत यायला लाजत होते. भिंती पाहून असेल.

पाच वाजून अकरा मिनिटांनी मी विचारलं: खुर्ची गेली, कूलर आला, मग आता अडचण काय?

हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "अडचण काही नाही गं. तिथं माणसं येतात. विचारतात. कापसाची चुटकी ओढून दाखवली की त्यांना बरं वाटतं. मलाही." आणि थांबून म्हणाले, "रिटायर झाल्यापासून कुणी विचारलं नव्हतं."

मी म्हणाले, जा मग, उन्हात उभे आहेत.

गेले. कप नेला नाही. मी दोन्ही कप धुतले. मलाही रिटायर झाल्यापासून कुणी विचारलेलं नाही, पण मी ते कधी बोलून दाखवलं नाही, कारण समोरच्याला कळायला हवं असं मला वाटत होतं. एक्स्चेंजमध्ये आम्ही शिकवायचो: लाइन जोडल्याशिवाय पलीकडचा ऐकू शकत नाही. शिकवायचो.

बुधवार, २ एप्रिल. सकाळी ७.

पाच दिवस विचार केला. खोली अप्रतिम आहे. हे माझं मत कायम आहे. पण खोलीत माणूस आणता येत नसेल तर माणसाकडे जावं लागतं, आणि तसं करण्याला माघार म्हणत नाहीत. खालील नोटीस टाइप करून यांच्या चष्म्याच्या केसमध्ये ठेवली आहे. प्रत रेकॉर्डसाठी इथे उतरवते.

प्रति,
श्री. बसवंतराव,
मुक्काम किशनराव यांचे भुसार दुकान, कडुनिंबाखाली.

विषय: संध्याकाळच्या चहाबाबत.

महोदय,
दि. ३ फेब्रुवारीपासून आपण दररोज संध्याकाळी वरील ठिकाणी आढळून येत आहात. खाली सही करणारी ही आपली पत्नी असून गेले दोन महिने तिने चहाचा एक कप विनाकारण गार होऊ दिलेला आहे. कापूस, तूर व हरभरा यांतले तिला काही कळत नाही. तथापि आलेल्या माणसाचे नाव विचारून घेणे, रांग लावणे आणि एका वेळी एकालाच बोलू देणे यांत तिचा अडतीस वर्षांचा अनुभव आहे.

तरी आपल्या आरामखुर्चीच्या डाव्या हाताला, सावलीत, आणखी एक खुर्ची (प्लास्टिकची चालेल) मावते किंवा कसे, किशनरावांची त्यास हरकत आहे किंवा कसे, आणि मुख्य म्हणजे आपली स्वतःची इच्छा आहे किंवा कसे, याचे स्पष्ट, लेखी व सहीनिशी उत्तर शुक्रवार, दि. ४ एप्रिल २०२५ रोजी दुपारी ठीक साडेचारपूर्वी स्वयंपाकघरातील टेबलावर मिळावे. तोंडी दिलेले 'बघू' उत्तर म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही.

आपली,
सत्यशीला